पाथरवटाचे दोन हात

सोमवार, १६ फेब्रुवारी. सकाळी धुकं, नंतर ऊन. दूधवाला उशिरा आला. मोरीची जाळी साफ केली. धाकट्याला कार्यालयात बोलावलं होतं. शुक्रवारी त्याची परीक्षा घेणार आहेत. जुन्या गोष्टी सांगितल्या तर बिल्ला काढून घेणार. आल्यावर जेवला नाही, नुसता चहा घेतला. खालच्या बाईंची कात्री परत केली.

ताईंच्या डायरीत त्या दिवसापुरतं एवढंच आहे. त्या लिहायच्याच तशा. मोरीची जाळी आणि भावाची रोजीरोटी त्यांच्याकडे शेजारी शेजारी बसत. पण ज्या धाकट्याला तिथे जेमतेम चार वाक्यं मिळाली आहेत, तो चार वाक्यांत मावणारा माणूस नव्हता. गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. तोंडावर मामा म्हणत आणि पाठ फिरली की रेडिओ. त्यालाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडत होतं.

गंमत अशी की घरात हा रेडिओ बंद असे. दोन खोल्या, मधे पडदा. अलीकडे ताई, पलीकडे तो. नवरा गेल्यावर ताई भावाकडे राहायला आल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. लग्न त्याने केलं नाही, म्हणजे जमवायला कुणी गेलंच नाही. सकाळी उठायचं, बिल्ला छातीवर लावायचा, आरशात तो सरळ आहे का बघायचा आणि निघायचं. संध्याकाळी आला की पाय बादलीत सोडून बसायचा. ताईंनी काही विचारलं तर हं किंवा नाही. "बाहेर सांडून येतोस सगळं," ताई म्हणायच्या, "घरी आणशील तर शप्पथ."

सांडायची जागा म्हणजे गावाच्या टोकाचा जुना मनोरा. कुणा राजाने बांधलेला, पाच मजली, काळ्या चिऱ्यांचा. आत गोल जिना, पोटात एक अंधारं तळघर, मागच्या भिंतीत जमिनीलगत एक भोक. लांबलांबून लोक बघायला येत. तिकिटं फाडायच्या कामावर लागलेला हा माणूस एकदा एका आजारी वाटाड्याच्या जागी उभा राहिला आणि मग खाली उतरलाच नाही. शाळेत इतिहासात दोनदा नापास झाला होता. मास्तर सनावळ्या विचारत आणि याला सांगायचं असे की त्या दिवशी पाऊस होता, राजाच्या घोड्याचा पाय मुरगळला होता. मनोऱ्यावर त्याला सनावळी कुणी विचारली नाही.

मामाची फेरी ऐकण्यासारखी असे. जिन्याच्या तोंडाशी थांबून तो विचारायचा, "सांगा बरं, या पायऱ्या उजवीकडेच का वळतात?" कुणाला येत नसे. मग तो हवेत तलवार धरायचा. वरून उतरणाऱ्या शिपायाचा उजवा हात मोकळा, खालून चढणाऱ्याचा भिंतीला अडलेला. लोक आपापले हात हलवून बघत आणि हसत. बुटक्या दारातून वाकून जाताना सांगायचा की तेव्हाची माणसंच एवढीशी, आणि दोन मिनिटांनी सांगायचा की तेव्हाची तलवार आज दोघांना उचलणार नाही. आजवर एकानेही त्याला विचारलं नव्हतं की मग ती एवढीशी माणसं ती तलवार उचलत कशी होती. तळघरात छताला लोखंडी कड्या होत्या. तिथे तो दिवा मालवायचा, जरा वेळ गप्प राहायचा आणि मग हळूच म्हणायचा, "इथे टांगायचे." बायका एकमेकींचे हात धरत. भिंतीतलं भोक म्हणजे भुयार. वेढा पडला तेव्हा राणी तान्ह्या मुलाला घेऊन यातूनच घोड्यावरून निसटली. एकदा एका पोराने विचारलं, "यातून घोडा?" मामा म्हणाला, "तेव्हाचे घोडे लहान होते." 

आणि शेवटी वर, गच्चीवर, वारा सुटलेला असताना, पाथरवट. ज्याने हा मनोरा बांधला तो पाथरवट. राजाने त्याला दरबारात बोलावलं, शाल पांघरवली आणि असा मनोरा पुन्हा कुठे होऊ नये म्हणून त्याचे दोन्ही हात मनगटापासून तोडले. इथे मामा स्वतःचे हात कठड्यावर ठेवायचा आणि त्यांच्याकडे बघायचा. बाकी काही बोलायचा नाही. खाली उतरताना लोक जिन्यात आवाज करत नसत.

मग मॅडम आल्या. सरकारी खात्यातल्या संशोधक. तरुण, उंच, पायात जाड बूट, कानाला पेन्सिल. परांची बांधून त्यांनी मनोरा इंच इंच मोजायला घेतला. एक दिवस मामाच्या फेरीच्या शेपटाला उभ्या राहिल्या, सगळं ऐकलं आणि लोक गेल्यावर म्हणाल्या, "मामा, तुम्ही फार छान सांगता. यातलं खरं जवळजवळ काहीच नाही."

वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांनी ते हवापाण्याविषयी बोलावं तसं म्हटलं होतं. पुढे दोन-तीन दुपारी त्या त्याला घेऊन फिरल्या. शेजारच्या बुरुजात नेलं. तिथला जिना डावीकडे वळत होता. "इथले शिपाई काय सगळे डावखुरे होते?" मामाने डोकं खाजवलं. तलवार किलो-सव्वा किलोची असे, नाहीतर माणूस तिच्यासकट पडेल. दार बुटकं ते थंडी आत येऊ नये म्हणून. तेव्हाच्या माणसांची हाडं सापडली आहेत, ती तुमच्या-माझ्याएवढीच. पस्तिशीत माणूस म्हातारा होई असं लोक म्हणतात, तेही खोटं. पोरं लहानपणीच फार मरत, त्यामुळे सरासरी खाली येते. जगला तो सत्तरीही बघायचा. कड्यांना धान्याच्या गोण्या टांगत, उंदरांनी फोडू नयेत म्हणून. आणि भुयार?

"भुयार नाही?" मामा म्हणाला.

"सांडपाण्याचा नाला आहे मामा. पुढे एवढा अरुंद होतो की त्यातून मांजर जाईल फक्त."

सगळ्यात शेवटी त्या त्याला परांचीवर घेऊन गेल्या. ऊन तिरपं झालं होतं. बॅटरी चिऱ्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली, तशी दगडावर एक खूण उठून दिसली. दोन आडव्या रेघा आणि त्यांतल्या फक्त वरच्या रेघेला छेदून जाणारी एक तिरकी. त्या चिऱ्याखालून तो आयुष्यभर गेला होता. त्याने बोट ठेवलं. बोट रेघेत बरोबर बसलं. मॅडमनी फोनवर एक फोटो दाखवला. लांबच्या एका गावातला जुना पूल. तो या मनोऱ्यानंतर बऱ्याच वर्षांनी बांधलेला, आणि त्याच्या दगडावर हीच खूण.

"म्हणजे त्याला हात होते," मामा म्हणाला.

"तोच माणूस असेल असं नाही. मुलगाही बापाची खूण चालवायचा. पण हात तोडले याला कसलाही आधार नाही. ही गोष्ट फार नंतर कुणीतरी लिहिली, आणि जगात जिथे म्हणून मोठी सुंदर इमारत आहे तिथे हीच गोष्ट सांगतात. सगळ्यांच्या गवंड्यांचे हात तोडलेले. राजांना दुसरा उद्योग नव्हता जणू."

"तो तिकडे गेला," मामा म्हणाला. "पूल बांधायला."

"माहीत नाही, मामा."

"हो, तेही आहेच."

त्या रात्री पाय बादलीत सोडून तो आपण होऊन बोलला. ताई चष्म्यातून बघतच राहिल्या. "ताई, मी रोज चार-चारदा त्या माणसाचे हात तोडत होतो गं. आणि तो तिकडे चांगला पूल बांधत बसला होता." एवढा आनंद त्याच्या चेहऱ्यावर ताईंनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. आपला कुणी नातेवाईक अपघातातून वाचला अशी बातमी यावी तसा तो दिसत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने खरं सांगायला सुरुवात केली. जिना असाच वळतो, काही कारण नाही. कड्या गोण्यांच्या. हा नाला. लोक नाल्याकडे बघत, मग एकमेकांकडे. "अहो, मग इथे बघायचं काय?" एका गृहस्थांनी विचारलं.  गच्चीवर त्याने सांगितलं की पाथरवटाचे हात शाबूत होते.  एक बाई म्हणाली, "बरं झालं," आणि घड्याळ बघितलं.

चौथ्या दिवशी लोक त्याला सोडून गॉगलवाल्याच्या मागे जाऊ लागले. गॉगलवाला म्हणजे दुसरा वाटाड्या, तिशीतला, तळघरातसुद्धा गॉगल न काढणारा. त्याचा घोडा अजून भुयारातून जात होता. "मामा," तो म्हणाला, "तुम्ही नाला विकायला बसलात. कोण घेणार?"

मामाने थोडे दिवस कळ काढली. मग एका दुपारी जिन्याच्या तोंडाशी त्याचा हात आपोआप वर गेला, हवेतली तलवार हाताशी आली आणि समोरचे चेहरे उजळले. त्या फेरीत राणीही निसटली, कैदीही टांगले गेले. नेमके त्या घोळक्यात इतिहासाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी चार पानी तक्रार केली. खात्याने ठरवलं, सगळ्या वाटाड्यांची परीक्षा घ्यायची. मॅडम फेरीबरोबर फिरणार. सगळं खरं सांगेल त्याचाच बिल्ला राहील. एका कागदावर खरं काय ते छापून सगळ्यांना वाटलं.

सोमवारी मनोऱ्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी त्याला बोलावून तो कागद दिला. "मामा, पाठ करा बुवा. माझ्या हातात काही नाही," साहेब म्हणाले. साहेबांच्या हातात कधीच काही नसे, पण ते वाईट नव्हते. "आणि नाहीच जमलं तर बघू. तळघराच्या दारात एक माणूस हवाच आहे. लोकांची डोकी आपटतात."

मंगळवारपासून घरात तालीम सुरू झाली. ताई ओट्याशी बटाटे सोलत बसायच्या आणि तो पडद्याजवळ उभा. पडदा म्हणजे मनोरा. चुकला की ताई चमचा ओट्यावर वाजवायच्या.

"या पायऱ्या उजवीकडे वळतात. का वळतात ते आज आपल्याला सांगता येत नाही. शेजारच्या बुरुजात डावीकडे वळतात. तिथल्या सरदाराला डाव्या हाताने..."

टण.

"तो सरदार कुठून आला?"

"आला गं. तोंडात आला."

"परत जाऊ दे त्याला."

बुधवारी तळघर आणि नाला जमले. कड्यांना गोण्या टांगायला लावताना पहिल्यांदा त्याने एक उंदीर पाळला होता, कोठाराच्या मुनिमाचा लाडका. तोही ताईंनी हाकलला. गुरुवारी रात्री अख्खी फेरी चमचा न वाजता पार पडली. फक्त शेवटच्या वाक्यापाशी तो अडखळायचा. कागदावर लिहिलं होतं, पाथरवटाविषयी आपल्याला याहून अधिक माहिती नाही.

"म्हण ना," ताई म्हणाल्या.

"म्हणतो. पण नंतर काय करायचं?"

"नंतर खाली उतरायचं."

"लोक वर आलेले असतात, ताई. एवढे जिने चढून. वारा असतो. आणि मी म्हणायचं, माहीत नाही?"

"माहीत आहे का तुला?"

"नाही."

"मग?"

तो बराच वेळ पडद्याची कडा चुरगाळत उभा राहिला. "ते वाक्य पोकळ आहे गं," म्हणाला. "त्यात पाय जातो."

"पोकळच आहे. तू त्यात काही भरू नकोस म्हणजे झालं." ताईंनी त्याला तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. त्याने म्हटलं. अगदी नीट. बिल्ला गेला तर हा माणूस दिवसभर या दोन खोल्यांत काय करेल, याचा विचार ताईंनी तेव्हा केला नाही. केला असेल तर चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

शुक्रवारी पहिली फेरी गॉगलवाल्याची होती. त्याने कागद घोकून आणला होता. आगगाडीचं वेळापत्रक वाचावं तसं त्याने सगळं म्हणून टाकलं. मॅडमनी मान डोलावली. तो पास. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

दुसरी फेरी मामाची. बावीस-पंचवीस माणसं असतील. कॉलेजातली काही मुलं, एक निवृत्त जोडपं, एक परिचारिका रजेवर आलेली, आणि छत्री घेतलेली एक मध्यमवयीन बाई, एकटीच. मॅडम मागे, हातात कागद. साहेब त्यांच्या मागे.

मामा सुरुवातीला कोरडा होता. जिन्यापाशी त्याने हात पाठीमागे बांधून ठेवले. शेजारच्या बुरुजाचा जिना डावीकडे वळतो, म्हणाला, आणि थांबला. सरदार आला नाही. बुटक्या दारात म्हणाला, "वाका. माणसं आपल्याएवढीच होती, तीही वाकायची." यावर मुलं हसली. मॅडमही हसल्या. तळघरात त्याने दिवा मालवला नाही. नाल्यापाशी म्हणाला, "लोक म्हणतात यातून राणी गेली. यातून गेलं ते भांडी घासलेलं पाणी." पुन्हा हसू. साहेबांनी मॅडमकडे पाहून भुवया उंचावल्या, जमतंय की. मामालाही वाटलं, जमतंय. खरं सांगूनही लोक हसतात, ही गोष्ट त्याला नवी होती. जिना चढताना गुडघ्याची तक्रार त्याला जाणवलीसुद्धा नाही.

गच्चीवर वारा होता. त्याने सगळ्यांना कठड्याजवळ घेतलं. सांगितलं की ज्याने हे बांधलं त्याचे हात राजाने तोडले असं म्हणतात, आणि ते खोटं आहे. त्याची खूण चिऱ्यावर आहे. दोन आडव्या रेघा, एक तिरकी. तीच खूण लांबच्या एका पुलावर आहे, पुष्कळ वर्षांनंतरची. तो असेल, नाहीतर त्याचा मुलगा. हे सगळं त्याने कागदाबरहुकूम सांगितलं. आता एकच वाक्य राहिलं होतं.

तेवढ्यात ती छत्रीवाली बाई म्हणाली, "मग त्याचं पुढे काय झालं?"

वाक्य जिभेवर होतं. मामाने ते तिथे चाचपून पाहिलं, होतं. पण बाई त्याच्याकडे बघत होती. थट्टा नव्हती, उत्सुकताही म्हणता येणार नाही. जिने चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती आणि तिला खरोखरच कळायला हवं होतं. तिच्यामागे बाकीचे. सगळे थांबलेले. वारा.

"पूल झाला," मामा म्हणाला.

मॅडमनी मान वर केली.

"पूल झाला, तोवर त्याचे केस पिकले होते. त्या काळी माणसं म्हातारी होत, बरं का, आपल्यासारखीच. म्हातारा झाला आणि त्याला वाटलं, आपला मनोरा एकदा बघून यावं. बायको म्हणाली, तुम्हाला दिसत नाही धड, काय बघणार? दगडाची कपची उडून उडून डोळे गेलेले. तो म्हणाला, हाताने बघेन."

आपण बोलतो आहोत हे मामाला ऐकू येत होतं. कुणी दुसऱ्याने सांगावं आणि आपण गर्दीत उभं राहून ऐकावं तसं. थांब, असं तो स्वतःला म्हणतही होता. पण म्हातारा आणि म्हातारी निघाले होते, आणि त्यांना वाटेत सोडून देणं त्याच्याच्याने होईना. ती दोघं आली. कठडा एका जागी ढासळला होता. म्हाताऱ्याने नवा चिरा घडवला, बायकोने त्याचं मनगट धरून टाकी जागेवर टेकवून दिली. शेवटी त्याने आपली खूण कोरली. दोन आडव्या रेघा, एक तिरकी. बायकोने पाहिलं, खूण उलटी झाली आहे. तिने सांगितलं नाही.

"हा तो चिरा," मामा म्हणाला आणि कठड्यावर हात ठेवला.

तिथे खरोखरच उलटी खूण होती. परिचारिका पुढे झाली आणि तिने तीवर बोट फिरवलं. मग कॉलेजातल्या एका मुलीने. छत्रीवाल्या बाईने डोळे पुसले, लपवायचा प्रयत्नही केला नाही. साहेब मॅडमच्या कानाशी वाकून म्हणाले, "हे फार चांगलं आहे. कागदात का नाही घेतलं?"

लोक उतरून गेले. मॅडम वरच थांबल्या आणि कठड्याच्या पायरीवर बसल्या. मामाही थोडं अंतर ठेवून बसला.

"मामा, उलटी खूण कुठून आणलीत?"

"आहे की. तुम्ही पाहिलीत ना."

"आहे. अशा मला ढिगाने सापडल्यात. पाथरवट खाली बसून चिरा घडवतो, खूण करतो. बसवणारा वेगळा असतो, तो जशी बसेल तशी बसवतो. खुणेची उलटसुलट बाजू कोण बघतो?"

"म्हणजे डोळ्यांमुळे नाही?"

"त्याच्या डोळ्यांचं आपल्याला काही माहीत नाही."

"आणि बायको?"

"बायको होती की नाही तेही माहीत नाही."

"बिचारी," मामा म्हणाला.

मॅडमनी कपाळ चोळलं. त्या चिडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. "मी दोन वर्षं परांचीवर काढली," त्या म्हणाल्या. "एक खोटी गोष्ट काढायला. आणि तुम्ही पाच मिनिटांत दुसरी लावलीत. ती आधीच्या गोष्टीपेक्षा चांगली आहे, हाच तर त्रास आहे. मलासुद्धा ऐकावीशी वाटली."

"उद्यापासून नाही सांगणार," मामा म्हणाला.

"तुम्ही मनापासून म्हणताय."

"हो."

"आणि कुणी विचारलं, पुढे काय झालं, तर?"

मामा कठड्यावरच्या उलट्या खुणेवरून बोट फिरवू लागला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, निदान या बाईंशी तरी नाही.

खालून आवाज आला. गॉगलवाल्याची नवी फेरी नाल्यापाशी पोचली होती, परीक्षेनंतरची पहिली. "...तान्ह्या बाळाला पाठीशी बांधून राणी इथूनच, घोड्यावरून..." मॅडमनी डोळे मिटून घेतले. त्याच्याकडे पक्का बिल्ला होता आणि आता वर्षभर कुणी त्याला हात लावणार नव्हतं. त्याहून जवळ, जिन्यात, परिचारिका फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, बायकोने सांगितलंच नाही त्याला."

"जाऊन सांगू का तिला?" मामाने विचारलं. "की तसं काही नव्हतं?"

"सांगा."

तो उठला, दोन पायऱ्या उतरला, मग तिथेच थांबला. परिचारिका पुढे निघून गेली होती. आवाज वळणावळणाने खाली जात होता.

मॅडमनी कागदावर लिहिलं ते त्यांना लिहावंच लागलं. साहेबांनी बिल्ला मागितला तेव्हा माझ्या हातात काही नाही असं नेहमीप्रमाणे म्हटलं आणि तळघराच्या दारातल्या जागेचं पुन्हा काढलं. काम सोपं होतं. दिवसभर दारात उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं, डोकं सांभाळा. इतिहासाचं काही बोलायचं नाही. मामाने पिन सोडवली. शर्टाला तिथे दोन भोकं पडली होती, आणि भोवतीचं कापड बाकीच्यापेक्षा गडद होतं.

घरी येऊन त्याने बादली घेतली नाही. पडद्याअलीकडेच, ताईंच्या खुर्चीवर बसला. ताईंनी त्याच्या छातीकडे पाहिलं आणि शेगडी बंद केली.

"एकच वाक्य होतं," ताई म्हणाल्या.

"आलं होतं तोंडात."

"मग?"

"ती बाई माझ्याकडे बघत होती ना गं."

ताईंना रागवायचं होतं. तीन दिवस चमचा वाजवून त्यांचं मनगट दुखत होतं. पण रागवायला समोर जो माणूस लागतो तसा तो दिसत नव्हता. त्यांनी ताट वाढलं. त्याने खाल्लं, पाणी प्यायला, ताट मोरीत नेऊन ठेवलं.

"उद्यापासून तळघराच्या दारात," तो म्हणाला. "डोकं सांभाळा म्हणायचं."

"बस एवढंच?"

"बस एवढंच." जरा वेळाने तो म्हणाला, "ते दार कुणी बसवलं असेल गं?"

ताईंनी ओटा पुसायला घेतला.  तो पडद्यापलीकडे गेला. बऱ्याच वेळाने पलीकडून पुटपुटल्यासारखं ऐकू येऊ लागलं, कुणाला तरी समजावून सांगावं तसं. शब्द कळत नव्हते. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि डायरी उघडली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. दिवसभर वारा. धाकट्याने बिल्ला जमा केला. उशांचे अभ्रे धुतले, अजून दमट आहेत.